वीतभर धोंडा

एक

तानी शिंगवा भाकर घेऊन रस्त्यावर आली तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. डांबरावर वालाच्या वेलांचा ढीग होता, कडेला नवऱ्याची, देऊची काठी पडली होती, पण देऊ कुठेच नव्हता. तिने दोन हाका मारल्या. सावलीत टेकली, उठली, पुन्हा हाक मारली. मग तिला ढिगातून बाहेर आलेला पाय दिसला. पायातली चप्पल तिने लगेच ओळखली, कारण तिचा तुटका अंगठा आदल्या दिवशी तिनेच तारेने बांधून दिला होता.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका फाट्यावर उंबरवाडी आहे. भात निघालं की तिथे वाल पेरतात आणि फाल्गुनात वेल खडखडीत वाळले की थेट रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या चाकांनी शेंगा फोडून देतात, त्यासाठी बैल नको की मजूर नको. शहरातली माणसं नाक मुरडतात, पण गाडी वरूनच नेतात.

आरोपी शोधायची तसदी पोलिसांना घ्यावीच लागली नाही, तो स्वतःच चालत आला. तुषार हा देऊचा भाचा. आई गेल्यापासून मामा-मामीकडे वाढलेला आणि आता अंबरनाथ पूर्वेत विष्णुपंत आगाशे यांची गाडी चालवणारा. त्याने जबाब दिला तो असा: सकाळी दहाला साहेबांच्या आंब्याच्या बागेत खत सोडायला गेलो, तेव्हा मामाने रस्त्यावरून हात केला. सव्वाबाराच्या सुमाराला परत येताना ढिगावरून गाडी नेली. गाडी दोनदा उचलली गेली, आधी पुढे, मग मागे. मामाने वेल जाड रचलेत असं वाटलं. हॉर्न दिला, मामा दिसला नाही, साहेबांना दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून थांबलो नाही.

शवविच्छेदनात दोन जखमा निघाल्या. डोक्याला मागून मार बसला होता आणि छातीवरून चाक गेलं होतं. गाडीच्या पोटात वालाचे वेल अडकलेले सापडले. पोलिसांच्या लेखी प्रकरण तिथेच मिटलं.

विमा कंपनीने चौथ्या दिवशी पद्मजा साठे यांना पाठवलं, ते गाडी बघायला, माणूस बघायला नाही. अपघातात सापडलेल्या गाड्या तपासण्यात बाईंची तीस वर्षं गेली होती आणि माणसांपेक्षा त्यांना मापं जास्त पटत. लग्नाच्या बैठकीत त्यांनी नवऱ्या मुलाची उंची विचारली नाही, मोजली, असं त्यांचे भाऊ सांगतात. ते खोटं आहे, पण ऐकणाऱ्या सगळ्यांना खरं वाटतं. पर्समध्ये पोलादी टेप असे आणि विचारात पडल्या की ती सर्रकन ओढून सोडायची त्यांना खोड होती.

कोठडीत तुषार भिंतीला टेकून बसला होता. समोरच्या थाळीतला भात वाळून गेला होता. पोरगा तीन दिवस जेवला नाही, असं हवालदार म्हणाला. बाईंनी गाडीबद्दल चार प्रश्न विचारले. तुषारने चारही उत्तरं सरळ दिली आणि पाचवा प्रश्न येण्याआधीच मान खाली घातली.

"मॅडम, मोजून काय करणार? मीच मारला मामाला."

दोन

गुन्हा कबूल करणारी माणसं बाईंनी फार थोडी पाहिली होती. गाडीवाला म्हटला की तो दोष झाडावर, खड्ड्यावर, समोरच्यावर ढकलतो. हा पोरगा मात्र कुणावरच ढकलत नव्हता. त्यांना त्याची दया आली आणि दया आली की त्यांना रागही येत असे. त्याच रागात त्या उंबरवाडीला पोचल्या.

तानी ओट्यावर वाल निवडत बसली होती. देऊ गेला त्याच ढिगातले वाल. टाकून कसे देणार, असं ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. मग बाईंना घेऊन ती रस्त्यावर गेली आणि जागा दाखवली. डांबर धुतलेलं होतं. रस्त्याच्या उताराच्या अंगाला, आठ-दहा फूट खाली शेतात एक धोंडा आडवा पडला होता. त्याच्याकडे बघून तानीने कपाळाला आठी घातली.

"ह्यो खाली कसा आला? ह्यो तर वर व्हता, मधोमध."

वारा वेल उडवतो, म्हणून देऊने ढिगाच्या मधोमध धोंडा उभा केला होता. गाडीची चाकं दोन्ही बाजूंनी जातील आणि धोंडा पोटाखालून निघून जाईल, असा त्याचा हिशेब. बुटक्या गाडीवाले धोंडा पाहून कडेने जात, रिक्षाही कडेने जात. बाईंनी विचारलं, धोंडा केवढा घ्यायचा ते देऊने कसं ठरवलं? तानीने आपला पंजा ताणून दाखवला.

"तुषारची गाडी दारात व्हती. त्याहीं खाली वाकून वीत घातली. येक वीत जाऊन वर बोटभर जागा ऱ्हायली. मंग वीतभर धोंडा हुडकून आनला. म्हनं, माझ्या भाच्याची गाडी उंच हाय."

बाई शेतात उतरल्या. धोंड्याचा तळ सपाट होता, त्याला अजून वालाचा भुगा चिकटलेला. माथ्यावर बोटभर रुंदीचा काळा ओरखडा होता आणि त्यात प्लास्टिकचा एक कण रुतून बसला होता. म्हणजे कुठल्यातरी गाडीचं पोट ह्या माथ्याला घासून गेलं होतं आणि धोंडा उडून खाली आला होता. त्यांनी धोंडा तळावर उभा केला आणि टेप लावली. एकोणीस सेंटिमीटर.

निघताना तानीने त्यांचा हात धरला. रडणं कधीच संपलं होतं, आता नुसती विनवणी होती. "बाय, त्यानं नाय मारला असं झालं ना, तर त्याला तुमीच सांगा. माझं नाय ऐकत तो. तुमी सांगितलं तर जेवल." बाईंनी शब्द दिला. अशा कामात शब्द द्यायचा नसतो, हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं.

पोलीस ठाण्याच्या आवारात विष्णुपंतांची पांढरी गाडी धूळ खात उभी होती. बाई फरशीवर आडव्या झाल्या, तेव्हा दोन हवालदार हसले. पोटाखालचं सगळ्यात खालचं टोक म्हणजे इंजिनखालचं प्लास्टिकचं गार्ड. बाईंनी तिथे टेप लावली, पुसून पुन्हा लावली. साडेवीस. गार्डला वालाच्या काड्या अडकल्या होत्या, पण ओरखडा एकही नव्हता.

त्या गाडीखाली पडल्या-पडल्याच त्यांना कळलं की ज्या गाडीने धोंडा उडवला ती ही नव्हेच.

तीन

अंबरनाथ पूर्वेला 'श्रीकृपा' नावाच्या इमारतीत विष्णुपंत तिसऱ्या मजल्यावर राहत. कारखान्यात अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, नाकावर माशी बसू न देणारे गृहस्थ. ड्रायव्हरने माणूस मारला याचं त्यांना दुःख होतं, पण त्याहून जास्त दुःख गाडी पोलिसांच्या आवारात उन्हात उभी असल्याचं होतं.

त्या गाडीचे तीन प्रकार येतात, हे त्यांनी बाईंना शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. रंग तोच, अंग तेच, फरक फक्त जमिनीपासूनच्या उंचीचा. शहरातल्या हौशी लोकांसाठी बुटकी 'स्पोर्ट', मधली साधी आणि खडबडीत रस्त्यांसाठी उंच केलेली 'ट्रेक'. ट्रेकसाठी ते आठ महिने थांबले होते. मागच्या दारावरची ती चंदेरी अक्षरं त्यांनी लग्नाच्या अक्षता सांभाळाव्या तशी सांभाळली होती.

"ह्या पंचक्रोशीत ट्रेक एकच आहे, साठेबाई. माझी." ते म्हणाले. "आणि कॅमेऱ्यात ट्रेकच दिसली आहे. मी काय बोलणार? पोराने कबूल केलंय."

कॅमेऱ्याचं बाईंना तिथे पहिल्यांदा कळलं. उंबरवाडीच्या अलीकडे एक रोपवाटिका आहे आणि तिच्या फाटकावरचा कॅमेरा बदलापूरकडे परतणाऱ्या गाड्यांची पाठ टिपतो. बाई तडक तिथे गेल्या. मालकाने दोन चित्रं काढून दिली. अकरा चाळीसला एक पांढरी गाडी, मागे ट्रेक ही अक्षरं, नंबर धुळीने पुसलेला. बारा वीसला पुन्हा पांढरी गाडी, पुन्हा ट्रेक, पुन्हा धूळ. पोलिसांचं म्हणणं, तुषार धक्क्यानंतर गोंधळून मागे फिरला आणि पुन्हा आला. तुषार म्हणत होता मी एकदाच आलो, पण माणूस मारणाऱ्याच्या म्हणण्याला कोण विचारतो?

बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवली. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. चष्मा पुसून त्यांनी मागच्या चाकाकडे पाहिलं. चाकाचा माथा आणि वरची कमान यांच्यामध्ये प्रत्येक गाडीला फट असते. बारा वीसच्या गाडीत त्या फटीत मूठ गेली असती. अकरा चाळीसच्या गाडीत जेमतेम तीन बोटं शिरली असती.

अर्ध्या-पाऊण तासात गाडी उंच होत नाही. एकाच नावाच्या गाड्या दोन होत्या आणि त्यातली एक खोटं नाव लावून फिरत होती.

चार

खोटं नाव हवं असेल तर ते कुठे मिळतं हे कल्याणपासून कर्जतपर्यंत कुणालाही विचारायची गरज नाही. बाईंनी स्वतःच्या जुन्या बुटक्या गाडीला टाच मारली आणि उल्हासनगर गाठलं.

गाड्यांच्या सजावटीची दुकानं तिथे एकाला एक चिकटून आहेत. सीटची कव्हरं, निळे दिवे, डॅशबोर्डवरचे देव आणि कुठल्याही गाडीला कुठल्याही खानदानाचं करून टाकणारी चंदेरी अक्षरं. अल्पेश लालवाणीचं दुकान त्यात सगळ्यात चकचकीत होतं आणि दारात त्याची स्वतःची गाडी उभी होती. तीच गाडी, पांढरी. प्रकार मात्र स्पोर्ट, तिघींतला सगळ्यात बुटका. बाईंना ते फार सोपं वाटलं.

अल्पेशने चहा मागवला, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि गाडी खुशाल मोजा म्हणाला. पोटाखाली साडेसोळा. गार्डवर जुन्या ओरखड्यांची जाळी पसरली होती, त्याच्या सोसायटीच्या गतिरोधकाची मेहेरबानी. बारवीच्या रस्त्याचं नाव काढताच त्याने कानाला हात लावले.

"मॅडम, ही गाडी घेऊन मी बदलापूरच्या पुढे गेलो तर वापस टेम्पोमध्ये येईल. स्टाइलची चीज आहे, रस्त्याची नाही."

तो खोटं बोलत नव्हता, आणि बाईंना ते त्याच्या चेहऱ्यावरून नाही, धोंड्यावरून पटलं. ओरखडा फक्त माथ्यावर होता, बोटभर. साडेसोळाची गाडी एकोणीसच्या धोंड्याच्या माथ्याला घासत नाही, ती सरळ त्याच्या अंगावर आदळते. मग बंपर फुटतो, गार्डचे तुकडे होतात आणि ते तुकडे रस्त्यावर सापडतात. इथे गाडी निसटता घासा देऊन पुढे गेली होती. म्हणजे एकोणीसपेक्षा जराशीच कमी. उंच ट्रेक धोंड्याला शिवत नाही, बुटकी स्पोर्ट पार करत नाही. राहिली मधली साधी, अठराची. तिच्या पाठीवर ट्रेकची अक्षरं चिकटवलेली.

ट्रेकची अक्षरं किती विकली, असं त्यांनी विचारलं. अल्पेश हसला. पोरांना सगळं परदेशी आणि मोठं हवं असतं, ट्रेक कोण मागतो? एकानेच मागितली, ती मुद्दाम मागवून द्यावी लागली. नाव विचारताच हसू मावळलं. ग्राहक आहे, नाव कसं सांगणार? बाईंनी टेप सर्रकन ओढली आणि सोडली. मेलेला माणूस साठीचा होता आणि त्याच्या भाच्याने अन्न सोडलंय, एवढंच त्या म्हणाल्या.

अल्पेशने चहाचा कप खाली ठेवला. 

"अंबरनाथचाच आहे," तो म्हणाला. "परवा परत आला होता. गाडी उंच करून दे म्हणाला, स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे टाकून. खालचं गार्डपण नवीन. मी पूछा नहीं क्यों. मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं."

जुनं गार्ड कुठे आहे, असं बाईंनी विचारलं. अल्पेशने रस्त्यापलीकडच्या भंगारवाल्याकडे बोट दाखवलं. तिथला सगळा माल सकाळीच उचलून नेला होता.

पाच

नाव कळल्यावर बाईंना स्वतःचाच राग आला, कारण त्या त्याच जिन्यावरून चढून-उतरून आल्या होत्या. महेंद्र राणे 'श्रीकृपा'तच पहिल्या मजल्यावर राहत होता. सोसायटीचा चिटणीस आणि बारवीच्या अंगाला शनिवार-रविवारच्या घरांचे प्लॉट विकणारा माणूस. गोड बोलणारा, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. विष्णुपंतांच्या गाडीशेजारीच त्याची गाडी उभी राही. रोज सकाळी स्वतःची अठराची गाडी पुसताना त्याला शेजारची साडेवीसची दिसत असे.

महेंद्र खाली पार्किंगमध्येच भेटला. त्याने बाईंना गाडी मोकळेपणाने दाखवली. मागच्या दारावर कुठलीच अक्षरं नव्हती. साधीच गाडी आहे हो, तो म्हणाला, आगाशेकाकांसारखी परवडते कुठे. बाई खाली वाकल्या. अल्पेश खरं बोलला होता, टेपवर साडेवीसच आले. ट्रेकइतकेच.

इथे कोर्टाचं दार बंद होत होतं, आणि बाईंना ते दिसलं. अक्षरं काढलेली, गार्ड भंगारात, उंची वाढवलेली. रबराचे ठोकळे मी महिन्यापूर्वीच घातले होते, असं महेंद्र म्हणाला असता आणि अल्पेशच्या पावत्या कोण विचारतो. बाई कंबर धरून उठल्या. उठताना नजर वर गेली.

पार्किंगच्या छताखालून सांडपाण्याचा पाइप आडवा गेलेला होता. गाडीच्या टपावरच्या सामानाच्या सळ्या त्याला जवळजवळ टेकल्या होत्या. पाइपवर ताजा, पांढरा ओरखडा होता. खाली फरशीवर प्लास्टिकचा भुसा पडलेला, झाडूवालीने अजून न उचललेला. दोन वर्षं ही गाडी ह्या पाइपाखालून रोज सुखरूप आत-बाहेर जात होती. ती अडायला लागली होती ती ह्या दोन-तीन दिवसांत. मग बाई मागच्या दाराशी गेल्या आणि पत्र्यावर तिरप्या नजरेने पाहिलं. उन्हाने सगळा पांढरा रंग जरासा पिवळा पडला होता, चार इंचांच्या एका पट्टीतला अक्षरांखालचा भाग सोडून. त्या पट्टीत ट्रेक हे नाव स्वच्छ पांढऱ्या रंगात वाचता येत होतं.

बाईंनी काही आरोप केला नाही. पाइप दाखवला, पट्टी दाखवली आणि धोंड्याचं माप सांगितलं. महेंद्र आपल्याच गाडीच्या बॉनेटवर बसला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"तुषारला त्या धोंड्यावरून जाताना मी आठवडाभर बघत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, आपली गाडी तीच तर आहे. सगळे ट्रेकच समजत होते. मला पण तसंच वाटायला लागलं होतं."

धोंडा पोटाला लागला, गाडी उडाली, हातातलं स्टिअरिंग फिरलं आणि कडेला काठी घेऊन उभा असलेला म्हातारा बंपरच्या कोपऱ्याने मागे फेकला गेला. डोकं डांबरावर आपटलं. तो ओरडलासुद्धा नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. वाडीतले लोक आले तर आपल्याला सोडणार नाहीत, ह्या भीतीने महेंद्रने त्याला ओढून ढिगात ठेवलं आणि वर वेल टाकले. मेला आहे असं वाटलं, हे त्याने तीनदा सांगितलं.

"आणि छाती?" बाईंनी विचारलं.

"छातीला काय झालं?" महेंद्र म्हणाला. "चाक नाही गेलं त्याच्यावरून. देवाशपथ सांगतो, माझं चाक नाही गेलं."

सहा

 महेंद्र रडत होता आणि बाईंना त्याचा आवाजही येत नव्हता. गाडी दोनदा उचलली गेली, आधी पुढे, मग मागे. तुषारच्या जबाबातलं हे वाक्य पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. त्यांनी ते वाचलं होतं आणि मापाच्या नादात बाजूला ठेवलं होतं. पोटाखालच्या धोंड्याने गाडी दोनदा उचलली जात नाही. तशी ती चाकाखाली काही आलं तरच उचलली जाते.

सरकारी डॉक्टरांना त्यांनी एकच प्रश्न फोनवर विचारला. छातीची जखम आधीची की मेल्यानंतरची? डॉक्टरांनी अहवाल काढून पाहिला. बरगड्यांपाशी रक्त साकळलेलं आहे, ते म्हणाले, मेलेल्या माणसाचं असं साकळत नाही. डोक्याच्या माराने तो बेशुद्ध असणार. वेळेवर आणला असता तर कदाचित वाचला असता. बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला.

पोलिसांनी अल्पेशचा जबाब घेतला, महेंद्रला नेलं आणि तुषारला सोडलं. महेंद्रला दोन दिवसांत जामीन झाला. रविवारी त्याने सोसायटीची सभा घेतली, पाण्याच्या टाकीच्या विषयावर, आणि लोक नेहमीसारखे बसले. विष्णुपंतांना गाडी परत मिळाली. खोटी ट्रेक शोधून काढल्याबद्दल त्यांनी बाईंना फोन करून शाबासकी दिली.

शब्द दिला होता, म्हणून बाई उंबरवाडीला गेल्या. जाताना सगळ्या वाटेवर त्यांनी वाक्यं जुळवली. तुषार ओट्यावर बसला होता, गालफडं बसलेली. तानीने पुढ्यात भात आणि वालाचं कालवण वाढून ठेवलं होतं. घरात दुसरं काही नव्हतं. तिने बाईंकडे पाहिलं, आता सांगा, अशा नजरेने.

बाईंनी सांगितलं. तीन गाड्या, तीन उंच्या, धोंड्याचा माथा, पाइपवरचा ओरखडा. तुझ्या गाडीने धोंडा उडवला नाही, मामाला तू पाडलं नाहीस, दोष महेंद्रचा आहे. तानी मान हलवत ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुषार मात्र बाईंच्या तोंडाकडे बघत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने हळूच विचारलं.

"मॅडम, मग माझ्या चाकाखाली काय आलं?"

"धोंडा असेल."

बोलल्या-बोलल्याच बाईंना जीभ चावावीशी वाटली. तुषार रागावला नाही. त्याने आपला पंजा ताणला, वीत केली आणि ती हवेत धरून पाहिली, खालून वर.

"धोंडा तर तेव्हा शेतात होता. तुम्हीच म्हणालात. आणि असता तरी माझ्या गाडीखालून जातो तो. मामानं मोजून आणला होता." तो थांबला. "मला धोंडा दिसला नाय येताना. वाटलं, वेलाखाली गेला असल. मामा तेव्हा जिवंत होता का?"

 शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत बाईंच्या पर्समध्ये होती, टेपेच्या खाली घडी करून ठेवलेली. तीस वर्षांत त्यांनी एका मिलिमीटरचीही थाप मारलेली नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "आधीच गेला होता. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"कागद बघू."

"ऑफिसात आहे."

पर्सवरची त्यांची बोटं आवळली होती आणि तुषार त्या बोटांकडेच बघत होता. त्याने ताटाला नमस्कार केला, ते मामीकडे सरकवलं आणि उठून घरामागे निघून गेला. तानीने ताट उचललं नाही. ती त्याच्या मागे गेली नाही आणि बाईंनाही जा म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर पुढच्याच वळणावर दुसऱ्या वाडीचे वाल पसरलेले होते. राखायला कुणी नव्हतं. बाईंनी गाडी थांबवली. मागून एक टेम्पो आला, हॉर्न वाजवत राहिला. त्या उतरल्या, ढिगापाशी गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही हातांनी वेल बाजूला करू लागल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हाताला काटक्या लागत होत्या, शेंगा तडकून वाल रस्त्यावर उडत होते. टेम्पोवाला खाली उतरून काय हरवलं म्हणून विचारू लागला.  सगळीकडे डांबर दिसलं तरी बाई तिथेच बसून राहिल्या.